नेच्याच्या अर्काचा झोन एकदा येतो, एकदा गायब होतो: बिघाड कुठे शोधायचा

लक्षण ओळखीचं आहे. बाशिंग या नेच्याच्या राइझोमचा (आडव्या खोडाचा) नाहीतर हंसराज या नेच्याच्या पानांचा मिथेनॉल अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर पहिल्या खेपेला १४ मिमीचा झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) देतो, पुढच्या खेपेला ९ मिमीचा. तिसऱ्यांदा, अर्क टाकायला आगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात) पाडलेल्या भोकाभोवती नुसती तपकिरी कडा दिसते आणि तिला झोन म्हणायचं की नाही यावर मोजणाऱ्या दोघांचं एकमत होत नाही. ई. कोलायवर तर काहीच येत नाही. मग अर्क १०० मिग्रॅ/मिलीवरून २००, ४०० असा घट्ट करत नेला जातो. त्याने प्रश्न सुटत नाही. घट्ट अर्क भोकातच साका धरून बसतो आणि आकडे आणखी विस्कटतात.

झोनचा व्यास दोन गोष्टी मिळून ठरवतात: अर्कातला पदार्थ आगरमधून किती लांब सरकतो, आणि जिथवर पोहोचतो तिथे जिवाणूला रोखतो का. नेच्यांच्या बाबतीत पहिली गोष्टच बेभरवशाची असते, कारण त्यांच्या अर्कात टॅनिन (फेनॉल वर्गातला तुरट पदार्थ) बऱ्याचदा भरपूर असतं. टॅनिनचे मोठे रेणू आगरमध्ये सावकाश सरकतात आणि वाटेत माध्यमातल्या प्रथिनांना चिकटतात. अर्क तोच असला तरी प्लेट जराशी बदलली की झोन बदलतो. म्हणून आधी प्लेट, मग द्रावक, मग अर्क आणि शेवटी झाड असा क्रम धरा. प्लेट एका रात्रीत तपासून होते, झाडाचा घोळ निस्तरायला पुढचा पावसाळा उजाडावा लागतो.

प्लेट

अर्क बाजूला ठेवा. म्युलर-हिंटन आगरच्या प्लेटवर नेहमीच्या इनोक्युलमने (पेरायच्या जिवाणूंच्या द्रावाने) लॉन, म्हणजे जिवाणूंचा सलग थर, घाला, जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची डिस्क लावा आणि ३५ °से.ला १६ ते १८ तास ठेवा. स्टॅफ. ऑरियस एटीसीसी २५९२३ (एटीसीसी हा प्रमाणित वाणांचा संग्रह) वर झोन १९ ते २७ मिमी यायला हवा, ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर १९ ते २६ मिमी. या हद्दीबाहेर आकडा आला तर अर्काला हात लावू नका, दोष प्लेटमध्ये किंवा इनोक्युलममध्ये आहे. झोन फार मोठा असेल तर लॉन विरळ पडलंय किंवा आगर पातळ ओतलंय. फार लहान असेल तर लॉन दाट, आगर जाड, किंवा माध्यमाचा पीएच उतरलेला. जेंटामायसिनचा जोर आम्लात कमी होतो. पीएच ७.२ ते ७.४ हवा आणि तो आगर थंड झाल्यावर मोजायचा.

आगरची जाडी ४ मिमी हवी. ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी २५ मिली लागतं. अंदाजाने ओतलेल्या दहा प्लेटांमध्ये हमखास दोन-तीन पातळ निघतात. एक प्लेट खर्ची घाला: मधोमध सुरीने पट्टी कापून उभी धरा आणि मोजपट्टीने जाडी मोजा. ओट्याचा उतार असेल तर एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला ५ मिमी दिसेल.

ही जाडी भोकासाठीही महत्त्वाची आहे. ६ मिमी व्यासाच्या, ४ मिमी खोल भोकात जेमतेम ११३ मायक्रोलिटर मावतात. आगर ३ मिमीच असेल तर ८५. आणि पद्धत म्हणून सर्रास १०० मायक्रोलिटर टाकले जातात. मग अर्क काठावरून वाहतो, लॉनवर पसरतो आणि सकाळी वेडावाकडा झोन दिसतो. ५० मायक्रोलिटर टाका, जास्त नको.

दुसरी गळती खालून होते. कॉर्क बोररने कापलेली चकती सुईने उचलताना आजूबाजूचं आगर काचेवरून सुटतं आणि अर्क त्या फटीत शिरतो. प्लेट उलटी करून उजेडाकडे धरली की भोकाच्या एका अंगाला चंद्रकोरीसारखा तपकिरी डाग दिसतो. असं भोक मोजणीतून काढून टाका. पुढच्या वेळी प्रत्येक भोकाच्या तळाला १० ते १५ मायक्रोलिटर वितळलेलं पातळ आगर सोडा, तळ बंद होतो.

इनोक्युलम ०.५ मॅकफार्लंडचं (हे गढूळपणाचं प्रमाणित माप) हवं, म्हणजे मिलीला साधारण १.५ × १०⁸ जिवाणू. मानक घरी करायचं तर १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड (दोन रेणू पाण्याचं) ०.०५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली. ६२५ नॅनोमीटरला त्याचं शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. गढूळपणा नुसत्या डोळ्यांनी जुळवण्यापेक्षा रोज हा आकडा वहीत लिहा. झोन खाली-वर होण्याचं निम्मं कारण तिथेच सापडतं. कल्चर रात्रीचं ताजं घ्या, गढूळपणा जुळवल्यावर १५ मिनिटांच्या आत स्वॅब फिरवा, आणि स्वॅब नळीच्या भिंतीवर दाबून जादा पाणी काढल्याशिवाय प्लेटला लावू नका.

अर्क नीट पसरावा म्हणून प्लेट तासभर फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत आहे. ठेवायला हरकत नाही, पण मग सगळ्या प्लेट तितकाच वेळ ठेवा. जेंटामायसिनची प्लेट मात्र यातून वगळा. आधी पसरायला वेळ मिळाला की तिचा झोन फुगतो आणि वरचे आकडे तिला लागू राहत नाहीत.

द्रावक

नियंत्रण म्हणून बहुतेक ठिकाणी शुद्ध डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, सुकलेला अर्क ज्यात विरघळवतात ते द्रावक) एका भोकात टाकतात, झोन आला नाही की समाधान मानतात. हे अपुरं आहे. अर्कात डीएमएसओशिवाय उरलेलं मिथेनॉल असू शकतं, आणि द्रावक आटवताना त्यातली जी घाण एकवटली तीही असते. खरं नियंत्रण असं करा: अर्कासाठी जितकं मिथेनॉल वापरलं तितकंच दुसऱ्या फ्लास्कमध्ये पावडरीशिवाय घ्या. तेही तितकेच तास ठेवा, त्याच कागदातून गाळा, त्याच तापमानाला आटवा आणि तळाला जे राहील ते तितक्याच डीएमएसओत घ्या. या कोऱ्या नमुन्याला झोन आला तर आजवरचे सगळे झोन संशयाखाली जातात.

नेच्याचा अर्क चिकट, डांबरासारखा होतो आणि पोटात मिथेनॉल धरून ठेवतो. वरून कोरडा दिसला तरी काचकांडीने उकरल्यावर वास येतो. रोटरी इव्हॅपोरेटर ४० °से.ला चालवा, घाई म्हणून पाणी ७० पर्यंत तापवू नका. मग अर्क पातळ थरात पसरून डेसिकेटरमध्ये ठेवा आणि दर १२ तासांनी वजन करा. लागोपाठच्या दोन वजनांत १ मिग्रॅपेक्षा जास्त फरक राहिला नाही की तो सुकला. वजन स्थिर होण्याआधी केलेला स्टॉक (अर्काचं साठ्याचं द्रावण) प्रत्येक बॅचला वेगळ्या तीव्रतेचा असतो. लेबलवर १०० मिग्रॅ/मिली असतं, आत कधी ७० तर कधी ९०.

गाळणीवरही लक्ष ठेवा. सेल्युलोज नायट्रेट किंवा ॲसिटेटची ०.२२ मायक्रॉन गाळणी डीएमएसओत विरघळते. नायलॉन डीएमएसओला टिकतं पण पॉलिफेनॉल शोषून घेतं, आणि नेच्याच्या अर्कात नेमकं तेच आपल्याला हवं असतं. पीटीएफई (टेफ्लॉन) घ्या.

आणि अर्क निर्जंतुक झालाय की नाही ते लॉन नसलेल्या प्लेटवर पाहा. बाशिंग झाडाच्या सालीवर वाढतं, त्याच्या घरट्यासारख्या तपकिरी पानांत कुजलेला पाचोळा साठतो, राइझोमवर तपकिरी खवल्यांचं दाट आवरण असतं. ते खरवडून न काढता दळलं तर बॅसिलसचे बीजाणू पावडरीत येतात. ते सुकवण्याने मरत नाहीत. पाण्यातल्या अर्काच्या भोकाभोवती सकाळी पांढऱ्या, सुरकुतलेल्या वसाहती दिसल्या तर गुन्हेगार हेच.

ती तपकिरी कडा

भोकाला लागून २-३ मिमी रुंदीचं, किंचित दुधाळ किंवा तपकिरी वलय असतं. बाहेरची कड पुसट. भिंगाखाली पाहिलं तर आतलं आगर स्वच्छ नसतं, बारीक कण अडकल्यासारखं दिसतं. हा टॅनिन आणि माध्यमातल्या प्रथिनांचा साका असू शकतो आणि त्याखाली जिवाणू वाढलेलेही असू शकतात. तीन गोष्टी करा.

पहिली, तोच अर्क लॉन नसलेल्या प्लेटवर टाका. तिथेही वलय आलं तर तो साका आहे. दुसरी, लॉनच्या प्लेटवरच्या वलयातून तारेने किंचित खरवडून न्यूट्रिएंट आगरवर रेघ मारा. वाढ झाली तर जिवाणू तिथे जिवंत होते. तिसरी आणि सर्वांत उपयोगी: अर्कातलं टॅनिन काढून पुन्हा तपासा. त्यासाठी पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपीपी, लागतं. १०० मिग्रॅ पीव्हीपीपीवर १ मिली पाणी आणि ५० टक्के मिथेनॉलमधला १ मिली अर्क घाला, जोरात हलवा, ४ °से.ला १५ मिनिटं ठेवा, पुन्हा हलवून ३००० जीला १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. इतकं पीव्हीपीपी साधारण २ मिग्रॅ फेनॉलला पुरतं. अर्क दाट असेल तर वरचा द्रव नव्या पीव्हीपीपीवर पुन्हा फिरवा. जिलेटिनने (ही टॅनिनची चाचणी, खाली पाहा) साका येईनासा झाला की थांबा. अर्काचा दुसरा भाग याच सगळ्या पायऱ्यांतून पीव्हीपीपीशिवाय न्या. दोन्ही आटवून शेजारशेजारच्या भोकांत टाका. पीव्हीपीपीवाल्याचा झोन गेला तर काम फेनॉल करत होते, राहिला तर दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधण्यासारखं आहे. पीव्हीपीपी टॅनिनबरोबर काही फ्लॅव्होनॉइडही ओढतं, त्यामुळे ‘फेनॉल’ म्हणा, ‘टॅनिन’ इतकं नेमकं म्हणू नका.

पीएच पट्टीही बुडवून पाहा. ४ च्या आसपास असेल तर अर्काचा थोडा भाग ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने ७ वर आणून वेगळ्या भोकात लावा. नुसत्या आम्लपणाचा झोन असा लगेच उघडा पडतो.

झोनवर थांबू नका, एमआयसी (वाढ रोखणारी किमान तीव्रता) काढा

५० मायक्रोलिटर १०० मिग्रॅ/मिली म्हणजे भोकात ५ मिग्रॅ अर्क. शेजारच्या डिस्कमध्ये १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिन. पाचशेपट फरक. दोन्हींचे झोन एका तक्त्यात शेजारी मांडून ‘अर्क प्रतिजैविकाच्या जवळपास प्रभावी’ असं लिहिणं चूक आहे, आणि औषधी वनस्पतींवरचा लोकांचा विश्वास पाहता ही चूक हलक्यात घ्यायची नाही. नेच्यांसाठी खरं उत्तर ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) मिळतं, कारण तिथे आगरमधून सरकण्याचा प्रश्नच उरत नाही.

९६ खणांच्या प्लेटमध्ये दुसऱ्या ते दहाव्या स्तंभात कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेलं म्युलर-हिंटन ब्रॉथ ५० मायक्रोलिटर घाला. ४० मायक्रोलिटर स्टॉक ९६० मायक्रोलिटर ब्रॉथमध्ये मिसळला की ४ मिग्रॅ/मिली होतो. हा १०० मायक्रोलिटर पहिल्या स्तंभात टाका, ५० उचलून दुसऱ्यात, मिसळून ५० तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत जा आणि शेवटचे ५० फेका. मॅकफार्लंडचं इनोक्युलम १:१५० पातळ करून जिवाणू हवे असलेल्या प्रत्येक खणात ५० घाला. आता पहिल्या खणात २ मिग्रॅ/मिली अर्क आणि २ टक्के डीएमएसओ आहे, दहाव्यात सुमारे ४ मायक्रोग्रॅम/मिली अर्क, आणि सगळीकडे मिलीला ५ × १०⁵ जिवाणू. अकरावा स्तंभ नुसत्या वाढीसाठी, बारावा कोऱ्या ब्रॉथसाठी. एक ओळ डीएमएसओची, आणि एक ओळ जिवाणू नसलेल्या अर्काची. ही शेवटची ओळ जागा वाचवण्यासाठी गाळली जाते आणि तिथेच घात होतो.

कारण अर्क रंगीत असतो, ब्रॉथमध्ये साका धरतो, आणि तो साका तळाला बसला की वाढ झाल्यासारखा दिसतो. म्हणून रेझाझुरिन हा रंग वापरतात: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर वाढ. पण फेनॉलने भरलेला अर्क जिवाणू नसतानाही रेझाझुरिनला गुलाबी करू शकतो. जिवाणूविना ओळीत वरचे दोन-तीन खण गुलाबी झाले तर त्या तीव्रतांसाठी रंगावर विसंबू नका, खणातले १० मायक्रोलिटर थेट आगरवर पसरवा. १० मायक्रोलिटरमध्ये सुरुवातीला सुमारे ५,००० जिवाणू होते; ५ किंवा त्याहून कमी वसाहती आल्या तर ९९.९ टक्के मेले, म्हणजे ती तीव्रता जिवाणूनाशक आहे. पॉलिफेनॉल ब्रॉथमध्ये हवेशी संयोग पावून हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार करतात. शंका असेल तर एक ओळ कॅटालेज (पेरॉक्साइड तोडणारं विकर) घालून लावा. परिणाम नाहीसा झाला तर तो पेरॉक्साइडचा होता. वापरलेल्या प्लेट १२१ °से.ला ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय धुवायला देऊ नका.

कच्च्या अर्काचा एमआयसी १ मिग्रॅ/मिलीच्या वर असेल तर त्याला प्रभावी म्हणू नये. १०० मायक्रोग्रॅम/मिली किंवा त्याखाली आला तर पुढे जाण्यात अर्थ आहे. ई. कोलायवर काहीच मिळालं नाही तर तो बिघाड समजू नका. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं आवरण बरेच वनस्पतिजन्य पदार्थ आत येऊ देत नाही. त्याऐवजी बॅसिलस सबटिलिस घेऊन पाहा. तिथेही काही नसेल तर मात्र स्टॅफवरचा निकाल पुन्हा तपासा.

रंगाच्या चाचण्या का फसवतात

‘अल्कलॉइड +, फ्लॅव्होनॉइड +, टॅनिन +, सॅपोनिन +, स्टेरॉइड +’ असा सगळीकडे अधिक चिन्हांचा तक्ता आला की थांबा. नेच्यांमध्ये अल्कलॉइड क्वचित सापडतात, म्हणून मेयर किंवा ड्रॅगेनडॉर्फ या अल्कलॉइडच्या अभिकर्मकांनी दिलेला गढूळपणा आधी प्रथिनांचा समजा. अर्क २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात घ्या, गाळा, अमोनियाने पीएच ९-१० करा, क्लोरोफॉर्मने ओढा, क्लोरोफॉर्म उडवून उरलेलं पुन्हा पातळ आम्लात घ्या आणि मग दोन्ही अभिकर्मक लावा. इतकं करून दोन्ही आले तरच अधिक चिन्ह.

फेरिक क्लोराइड कुठल्याही फेनॉलला रंग देतं, त्याने टॅनिन सिद्ध होत नाही. नेच्यांचं टॅनिन मुख्यतः संघनित जातीचं असतं, ते हिरवट काळा रंग देतं. अर्क १ मिग्रॅ/मिलीपर्यंत पातळ करून १ टक्का फेरिक क्लोराइडचे दोन-तीन थेंब टाका. घट्ट अर्कात सगळंच काळं दिसतं. जोडीला १० टक्के मिठाच्या पाण्यातलं १ टक्का जिलेटिन. संघनित टॅनिनची खात्री ब्युटेनॉल-आम्लाने होते: ०.५ मिली अर्क, ९५:५ ब्युटेनॉल-हायड्रोक्लोरिक आम्ल ३ मिली, २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लातलं २ टक्के फेरिक अमोनियम सल्फेट ०.१ मिली, उकळत्या पाण्यात तासभर, मग ५५० नॅनोमीटरला मोजणी. लाल रंग हवा. अर्कात पाणी जास्त असेल तर रंग फिका पडतो.

पानांच्या अर्कात हरितद्रव्य सगळ्यांत जास्त त्रास देतं. लीबरमन-बुर्शार्ड चाचणीत हिरवा रंग म्हणजे स्टेरॉइड असं पुस्तकात असतं, आणि हंसराजाचा अर्क मुळातच हिरवा. इथे टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) करा. सिलिकाच्या प्लेटवर आधीच हिरवे दिसणारे ठिपके पेन्सिलीने घेरून ठेवा, मग व्हॅनिलिन-सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवा. नव्याने उठलेले जांभळे ठिपके ट्रायटर्पिनॉइडकडे बोट दाखवतात. हंसराजाच्या कुळात होपेन जातीची ट्रायटर्पिनॉइडं असतात, बाशिंगात फ्रिडेलिन, त्यामुळे हे ठिपके अपेक्षितच आहेत. त्याच टीएलसीवर जिवाणूंचं मऊ आगर ओतून कुठला ठिपका काम करतो ते पाहता येतं, पण चालत्या द्रावणात (ठिपके वर नेणाऱ्या द्रावकात) फॉर्मिक आम्ल असेल तर प्लेट पूर्ण सुकू द्या आणि शेजारी नमुना न लावलेली पट्टी चालवा. उरलेलं फॉर्मिक आम्लही जिवाणू मारतं.

एकूण फेनॉल फोलिन अभिकर्मकाने काढताना डीएमएसओतला स्टॉक वापरू नका, मिथेनॉलमध्ये वेगळा विरघळवा. ॲल्युमिनियम क्लोराइडने फ्लॅव्होनॉइड ४१५ नॅनोमीटरला मोजता, आणि हरितद्रव्यही तिथेच प्रकाश शोषतं. प्रत्येक नमुन्याचा ॲल्युमिनियम क्लोराइडविना कोरा वाचून वजा करा.

झाड

बाजारात ‘हंसराज’ म्हणून ॲडिअँटमच्या निदान तीन जाती मिळतात. फिलिपेन्सच्या पर्णिका अर्धचंद्राकार, गुळगुळीत, स्पष्ट देठाच्या. कॉडेटमच्या पानावर लव असते आणि पर्णिकांना देठ जवळजवळ नसतो. कॅपिलस-वेनेरिसच्या पर्णिका पाचरीसारख्या, पान दोन-तीनदा विभागलेलं. पहिल्या दोघांची पानांची टोकं जमिनीला टेकून मुळं धरतात, तिसऱ्याची नाही. पुडीतला चुरा ओळखता येत नाही, म्हणून स्वतः गोळा केलेला नमुनाच वापरा. पानामागे बीजाणूंच्या कडा धरलेलं झाड घ्या, दोन नमुने दाबून ठेवा आणि एक ओळख पटवायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात किंवा विद्यापीठाच्या हर्बेरियमला द्या.

सह्याद्रीत फिलिपेन्स पावसाबरोबर उगवतं आणि पाऊस सरला की वाळून जातं. जुलैतल्या कोवळ्या पानांची बॅच आणि ऑक्टोबरच्या पिवळ्या पानांची बॅच यांचा झोन सारखा येईल अशी अपेक्षा धरू नका. बाशिंगाचा राइझोम खवले काढून ३ ते ५ मिमीच्या चकत्या करून सावलीत वाळवा. अख्खा वाळवला तर बाहेरून कडक होतो आणि आत बुरशी धरतो. चकती वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. पावडरीच्या डब्यावर जात, झाडाचा भाग, ठिकाण, तोडल्याची तारीख, वाळवण्याचे दिवस आणि दळल्याची तारीख लिहा. अर्क गडद काचेच्या कुपीत, एका वापरापुरते छोटे भाग करून, उणे २० °से.ला ठेवा. वितळवलेली कुपी परत गोठवू नका.